ओला चमचा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ऑफिसातल्या ज्या मैत्रिणींना मी माझ्या सर्दीपडशाचीही बातमी देते त्यांनाही नाही. एका व्यक्तीला सोडून — आणि तिच्यापर्यंत पोचायलाही मला तीन वर्षं लागली. तुम्हाला का सांगतेय मग? खरं सांगू? मैत्रिणी मध्येच म्हणतील, "अगं जाऊ दे, एवढं काय त्यात!" आणि नेमकं तेच मला ऐकायचं नाहीये.

गोष्ट व्हॅनिलाची आहे. हसलात ना? हसा. मीही बराच काळ ती हसण्यावारीच नेत होते.

मी मूळची मिरजेची. नोकरीसाठी चेन्नईत आले आणि इथेच राहिले. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला आहे — म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्या का झाल्या ते खणून काढायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. कारखाना तिकडे आणि मी राहते मैलापूरला. रोज कंपनीच्या बसमध्ये इतका वेळ घालवतेस, कारखान्याजवळ खोली का बघत नाहीस, असं सगळे विचारतात. मी म्हणते, देऊळ जवळ आहे, बाजार जवळ आहे. थाप आहे ती. मी राहते पद्मामामींमुळे.

पद्मामामी माझ्या घरमालकीण. त्या खाली, मी वर. तंजावरच्या मराठी घरातल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पहिल्या दिवशी किल्ली देताना त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तूं मराठीच नव्हे ग?" आणि मला हसूच फुटलं. जुन्या पोथीतून कुणी उठून बोलायला लागावं तशी त्यांची मराठी, आणि तिच्यात मध्येच तमिळ 'सरी' नि 'अय्यो'. त्याही माझ्या मराठीला हसल्या. म्हणाल्या, तुमची भाषा फार घाईंत असते. झालं, जमलं आमचं.

घराच्या अटी मात्र कडक. मांस नाही, अंडं नाही, आणि दारूचा थेंब उंबऱ्याच्या आत नाही. मामींचं सोवळं म्हणजे सोवळं. सकाळी अंघोळ करून त्या स्वयंपाकघरात शिरल्या की मला दारातूनच बोलावं लागे. रोज देवाला नैवेद्य, शुक्रवारी पायसम — इकडची खीर. आणि तुम्हाला ठाऊकच असेल, नैवेद्याचं चाखून बघता येत नाही. देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही. मीठ किती, साखर किती, हे हातालाच कळावं लागतं. मामींच्या हाताला ते कळायचं. मी इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, कधी चिमूटभर कमी नाही की जास्त नाही. त्यांची लोणची तर अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध. बायका म्हणत, पद्मामामींनी बरणीला हात लावला की बुरशी वाट बदलते. मामींकडे दागदागिने फारसे नव्हते. हा हात होता. त्याचा त्यांना गर्व होता, आणि तो असायलाच हवा होता.

आता व्हॅनिला.

ऑफिसात माझ्याबरोबर केरळातल्या इडुक्कीची एक मुलगी होती. तिच्या घरी व्हॅनिलाचे वेल. एकदा सुट्टीवरून येताना तिने मला मूठभर शेंगा आणून दिल्या — काळ्या, तेलकट, वाकवल्या तर वाकणाऱ्या. वास असा की बॅग उघडली तर बसमधल्या झोपलेल्या माणसांनी माना वळवल्या! दुकानातल्या इसेन्सचा याच्याशी काही संबंध नाही हो. मी ठरवलं, याचा अर्क घरी करायचा आणि दिवाळीला सगळ्यांना द्यायचा. परक्या शहरात आपल्या हातचं काहीतरी द्यावं, लोकांनी "मेघनाने केलंय" म्हणावं — हौस, दुसरं काय?

कृती अगदी सोपी. शेंगा उभ्या चिरायच्या, काचेच्या बाटलीत घालायच्या, वरून दारू ओतायची — वोडका, कारण तिला स्वतःचा वास फारसा नसतो — आणि अंधारात ठेवून द्यायची. सहा-आठ महिने. अधूनमधून हलवायची. हळूहळू रंग बिनदुधाच्या चहासारखा होत जातो. दारू लागतेच. ती शेंगेतला वास ओढून घेते आणि अर्क टिकवतेही. पाण्यात ते होत नाही. पाण्यात शेंग कुजते.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

वोडकाची बाटली मी टॉवेलात गुंडाळून लॅपटॉपच्या बॅगेतून वर नेली. मामी अंगणात कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढत होत्या. "आज लवकर आलीस ग," म्हणाल्या, आणि मी चोरासारखी जिना चढले. मिरजेहून आणलेले स्वेटर इथे कुणाला लागतात? त्यांच्या मागे कपाटात बाटली लपवली. मनाला सांगितलं, मी कुठे पिणार आहे? हे तर औषधासारखं. मनाला काहीही सांगता येतं.

दिवाळीपर्यंत अर्क सुंदर उतरला. छोट्या बाटल्या आणल्या, गळ्याला सुतळी बांधली. मामींसाठी वेगळा मिठाईचा बॉक्स होता — देवाशप्पथ होता! त्यांना अर्क द्यायचा माझा विचारच नव्हता. पण सकाळी टोपली घेऊन खाली उतरताना मामींनी थांबवलं. एक बाटली उचलली, बूच काढून वास घेतला आणि डोळे मिटले. मग टोपलीकडे बघितलं, मिठाईच्या बॉक्सकडे बघितलं आणि लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "मज नाही?"

मी काय करायला हवं होतं? मामी, यात दारू आहे. पाच शब्दसुद्धा नाहीत. चिडल्या असत्या, फार तर चार दिवस बोलल्या नसत्या. पण त्या इतक्या खुशीत होत्या, आणि मला — हो, मला — त्यांनी माझं कौतुक करायला हवं होतं. मी म्हटलं, "तुमचीच आहे की, मामी."

"कशांत घातलीस शेंग?"

"गरम पाण्यात. साखर घालून मुरवायची, बस्स."

किती सहज आलं ते तोंडातून! त्यांनी पुन्हा वास घेतला, जरा उग्र आहे म्हणाल्या. मी म्हटलं, तो शेंगेचाच गुण.

त्या शुक्रवारी पायसमात माझा अर्क पडला. ते देवापुढे ठेवलं गेलं, मग वाटीतून माझ्याकडे वर आलं. आणि मी ते खाल्लं. बोटं चाटून खाल्लं. पुढच्या दिवाळीलाही मी त्यांना बाटली दिली. पहिली थाप मारताना छाती धडधडते. दुसऱ्यांदा ती थाप आहे हेही आठवत नाही.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. नकळत देवाला दारूचा नैवेद्य. नाही — इथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. मी अजून मुख्य गोष्टीला हात घातलेला नाही. बघा ना, आत्तासुद्धा मी टंगळमंगळ करतेय.

मामींकडे नवरात्रात कोलू असतो. पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या, रोज संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका, रोज नैवेद्याला सुंडल — उकडलेल्या कडधान्याची, वर ओलं खोबरं घातलेली उसळ. येणाऱ्या प्रत्येकीला तांबूल आणि सोबत एक भेट. बाकीच्या घरांतून प्लास्टिकचे डबे मिळतात. मामींकडून त्यांच्या हातचं लोणचं. त्या वर्षी मात्र त्या काहीतरी गुपित असल्यासारख्या वागत होत्या. मला स्वयंपाकघराच्या दाराशीही फिरकू देत नव्हत्या. पोल्लाचीच्या भाच्याकडून काहीतरी पार्सल आलं होतं. मी कामात होते, फारसं लक्ष दिलं नाही.

पहिल्या दिवशी मी हळदीकुंकवाला खाली गेले. मामींनी तांबूल दिलं आणि माझ्या हातावर एक छोटी बाटली ठेवली. गळ्याला सुतळी. "तुझी विद्या," म्हणाल्या, "आधीं तुला."

आत साखरेचं पाणी होतं आणि त्यात चिरलेली शेंग — भाच्याच्या पार्सलातली.

मला त्याच क्षणी कळलं हो. माझं कामच ते. चेन्नईची हवा, साखरेचं पाणी, कुजायला घातलेली शेंग — आठवडाभरही टिकणार नव्हतं. मागे फळीवर बाटल्यांची रांगच्या रांग उभी होती, अजून वाटायच्या होत्या. कारखान्यात अशा वेळी आम्ही काय करतो माहीत आहे? लाइन थांबवतो. एक बटण असतं, कुणीही दाबावं, कुणी रागावत नाही. मी ते बटण दिवसातून चारदा दाबणारी बाई. आणि तिथे, मामींच्या पायऱ्यांपुढे उभी राहून मी म्हटलं, "वा मामी! मस्त!"

का? बोलले तर सगळंच बोलावं लागलं असतं. पाणी चालत नाही म्हटलं की मग काय चालतं, हे आलं. मग दोन वर्षांचं पायसम आलं. मी घाबरले, दुसरं काही नाही. घर जाईल म्हणून घाबरले, मामी तुटतील म्हणून घाबरले, आणि सगळ्यांत जास्त — मी चांगली मुलगी राहणार नाही म्हणून.

नवरात्र सरायच्या आत बाटल्या फसफसायला लागल्या. बुचं उडाली. आत पांढरी साय धरली, आंबूस वास सुटला. एकीच्या फडताळात बाटली फुटून साखरेचं पाणी सांडलं नि मुंग्याच मुंग्या. एकीने नातवाच्या वाढदिवसाच्या केकमध्ये तो अर्क घातला होता, अख्खा केक टाकून द्यावा लागला. बायका वाईट नव्हत्या, पण जीभ कुणाची राहते? कुणीतरी हसत हसत म्हणालंच, "मामींचा हात उतरला वाटतं!"

मामी रिक्षा करून घरोघर गेल्या आणि प्रत्येकीकडून आपली बाटली परत घेऊन आल्या. मी बसमधून उतरून येत होते, त्या पिशवी घेऊन पायरीवर बसलेल्या. पिशवीतून वास येत होता. वर बघून म्हणाल्या, "मेघना, तुझी नासत नाही ग. माझी कां नासली? माझें काय चुकलें?"

आता सांगते. हे ते.

मी म्हटलं, "ओला चमचा लागला असेल, मामी."

बस. एवढंच. मी नुसती गप्प बसले असते तरी थोडी बरी ठरले असते. पण मी त्यांना कारण पुरवलं. मूळ कारण शोधून देणं हाच माझा धंदा ना! त्यांचीच चूक काढून त्यांच्या ओंजळीत ठेवली, तीही मायेने, खांद्यावर हात ठेवून. त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला आणि मान हलवली. "असेल," म्हणाल्या. "वय झालें."

ज्या बाईने जन्मात बरणीला ओला चमचा लावला नाही, ती म्हणाली — असेल.

त्यानंतर काय झालं ते मी रोज जिन्यावरून बघत होते. पुढच्या उन्हाळ्यात कैऱ्या आल्या, गेल्या. मामींनी लोणचं घातलं नाही. बरण्या धुऊन गच्चीवर पालथ्या घातल्या. मग भाजीतलं मीठ चमच्याने मोजायला लागल्या. मग भाजी चाखायलाही मला बोलवायच्या — मला! — "बघ ग, बरोबर आहे?" आणि मी मान डोलवायची. पण नैवेद्याचं कोण चाखणार? एका शुक्रवारी देवापुढे पायसमऐवजी केळी दिसली. पुढच्या शुक्रवारी केळी आणि बेदाणे. मग रोजच. हातावर विश्वास नाही तर देवाला कसं द्यावं, असं त्यांनी एकदा स्वतःशीच म्हटलेलं मी ऐकलं.

आणि माझं? माझ्या बाटल्या दर दिवाळीला ऑफिसात वाटल्या जात होत्या. "मेघनाच्या हाताला काय गुण आहे!" लोक म्हणायचे. ते ऐकून मी पाणी प्यायची आणि थँक यू म्हणायची.

मी स्वतःला समजावत होते की मामींची श्रद्धा जपतेय. त्यांनी न जाणता देवाला दारू दिली हे कळलं तर त्या कोसळतील, त्यापेक्षा हे बरं. किती सोज्वळ कारण! तीन वर्षं पुरलं. म्हाताऱ्या बाईचा हात गेला तरी चालेल, पण तिचं सोवळं मी जपणार — असा माझा न्याय. थू.

यंदा नवरात्राच्या आधी मामींनी मला खाली बोलावलं. बाहुल्यांची ट्रंक माळ्यावरून काढायला हवी होती. मी खूश झाले, म्हटलं, इतक्या वर्षांनी पुन्हा कोलू मांडणार! ट्रंक खाली आली तशा म्हणाल्या, भाचीला देऊन टाकतें. कोलू ठेवला तर नैवेद्य पाहिजे, आणि नैवेद्याला हात पाहिजे. विकतचें आणून देवापुढे ठेवायचें तर बाहुल्या कशास?

हे त्या रडत म्हणाल्या असत्या तर मी कदाचित पुन्हा खांद्यावर हात ठेवला असता. पण त्या अगदी साधेपणाने, दुधाचा हिशेब सांगावा तशा म्हणाल्या. ट्रंकेचं झाकण उघडंच होतं. मी जमिनीवर बसले आणि सांगितलं. मामी, ते पाणी नव्हतं, दारू होती. पहिल्या बाटलीपासून. तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोलले. साखरेच्या पाण्यात ती शेंग कुणाच्याही हातून टिकत नाही — माझ्या नाही, तुमच्या नाही, कुणाच्याच नाही. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, मी गप्प बसले. आणि ओला चमचा — तो मी रचला.

मला वाटलं, आता देवाचं विचारतील. पापाचं विचारतील. मी त्याचीच तयारी करून बसले होते. पण मामींनी विचारलं, "म्हणजे माझ्या हातांत खोट नव्हती?"

"नव्हती, मामी. कधीच नव्हती."

"तीन वर्षें," त्या म्हणाल्या.

मग देवाचं आठवलं त्यांना. पदर तोंडावर ओढून घेतला. मी काही बोलायला गेले तशा म्हणाल्या, "पोरुम." पुरे. "वर जा तूं."

मी वर गेले. खाली पाणी ओतल्याचा आवाज दुपारपर्यंत येत होता. देवघर धुतलं, देव धुतले, सगळी पितळेची भांडी चिंचेने घासली, डोक्यावरून अंघोळ केली. पुढे बरेच दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जिन्यात दिसल्या तर बाजूला होत. मी घर सोडायला सांगतील म्हणून तांबरमकडे खोल्यासुद्धा बघायला लागले होते. सांगतील तर जायचं, एवढं ठरवलं होतं. कपाटातली बाटली मोरीत ओतून टाकली. तो वास मात्र खोलीतून जाता जात नव्हता.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी बसमधून उतरून आले तर खालचं दार उघडं. आत पायऱ्या मांडलेल्या, त्यांवर बाहुल्या. मोहरी-हिंगाच्या फोडणीचा वास रस्त्यापर्यंत आलेला. मला बोलावणं नव्हतं. मी खाली मान घालून जिन्याकडे वळले, तेवढ्यात मामी बाहेर आल्या. हातात सुंडलचा द्रोण. काही न बोलता पुढे केला. आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मी एक घास घेतला.

खारट होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच. तीन वर्षं हाताने मीठ उचललं नव्हतं, दुसरं काय होणार? मामी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. 'छान झालंय' हे शब्द माझ्या जिभेवर येऊन बसले होते, खोटं नाही सांगत — गोड बोलायची सवय इतकी लवकर जाते का?

"मीठ जास्त पडलंय, मामी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातल्या द्रोणातला एक चणा उचलून तोंडात टाकला, सावकाश चावला.

"पडलंय," म्हणाल्या. "उद्यां नीट पडेल."

आणि आत गेल्या. मी जिन्यात उभी राहून सगळं सुंडल संपवलं.